इलेक्ट्रॉन घ्यावं का? रॅम सोडून बाकीचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की टीम तिघांची, तिघंही रिॲक्टवाले (रिॲक्ट म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये वेबच्या स्क्रीन लिहायची लायब्ररी), मेडिकल दुकानांसाठी बिलिंगचं डेस्कटॉप ॲप करायचंय, आणि जो तो सांगतोय इलेक्ट्रॉन, म्हणजे वेबसाइटच्याच कोडमधून डेस्कटॉप ॲप बनवायचं साधन, रॅम खातं. मग टॉरी (तसलंच, पण हलकं साधन) घ्यावं, की सहा महिने घालून सी शार्प भाषा शिकावी आणि सरळ नेटिव्ह करावं, म्हणजे मधे ब्राउझर न घालता थेट विंडोजसाठी लिहावं?

मी गेली काही वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करतोय, इलेक्ट्रॉनमध्येच, आणि त्याच्या शिव्या पण भरपूर खाल्ल्यात. त्यामुळे इलेक्ट्रॉनची बाजू घेतोय असं वाटलं तर तसं नाहीये, आणि नावं ठेवतोय असं वाटलं तरी तसं नाहीये. माझं म्हणणं एवढंच की ओझं कुठेतरी टेकवावंच लागतं. इलेक्ट्रॉनमध्ये ते गिऱ्हाइकाच्या मशीनवर जातं, नेटिव्हमध्ये तुमच्या टीमच्या डोक्यावर येतं, आणि टॉरीत थोडं टेस्टिंगवर आणि थोडं रस्ट या भाषेवर. रॅमचा आकडा हा त्यातला एक तुकडा झाला, आणि भांडणं मात्र सगळी त्याच्यावरच.

आधी रॅमचंच संपवू. प्रत्येक इलेक्ट्रॉन ॲप आपल्याबरोबर अख्खं क्रोमियम (क्रोमच्या आतला ब्राउझर) आणि नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा भाग) घेऊन येतं. रिकामी खिडकी उघडली तरी मेन प्रोसेस, रेंडरर, जीपीयूवाली आणि नेटवर्कची अशा चारेक प्रोसेस उभ्या राहतात. इन्स्टॉलर ऐंशी-नव्वद एमबीचा, डिस्कवर सुटला की दोनशेच्या वर. बरं, टास्क मॅनेजरमधल्या सगळ्या प्रोसेसची बेरीज करून लोक जो भयंकर आकडा सांगतात तो बऱ्याचदा फुगलेला असतो, कारण या प्रोसेस बरीच मेमरी वाटून घेतात आणि तुम्ही कुठला कॉलम बघताय त्यावर ती दोनदा-तीनदा मोजली जाते. प्रायव्हेट मेमरीचा कॉलम बघा, आकडा बराच खाली येतो. ८ जीबीच्या मशीनवर एक असलं ॲप कुणाला कळत पण नाही. कळतं ते २ जीबीच्या मशीनवर, आणि आमच्या संस्थांमध्ये नेमकं तेच मशीन होतं, विंडोज ७, फिरती हार्डडिस्क, आणि मॉनिटरवर उदबत्तीचा धूर.

सकाळी सहा ते आठ ही संकलनाची वेळ. लोक किटल्या घेऊन रांगेत उभे, ऑपरेटर कोड नंबर टाकतो, काट्यावरून लिटर येतात, फॅट मशीनवरून फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतं, दरपत्रकातून दर लागतो, पावती निघते, पुढचा. एका माणसाला पंधरा-वीस सेकंद. आता यात मधेच लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असली तर मशीन बंद, परत चालू, आणि मग आमचं ॲप उघडायला पंचवीस-तीस सेकंद, ते पण विंडोज पूर्ण उठल्यावर. त्या आधीचं त्यांचं सॉफ्टवेअर व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) या जुन्या भाषेतलं होतं, काही शे केबीची एक्झी, डबल क्लिक केलं की समोर. एका सेक्रेटरींनी मला शांतपणे सांगितलं, "साहेब, तुमचं दिसायला भारी हाय, पण जुनं लगीच उघडत हुतं की." यावर काय बोलणार.

गंमत म्हणजे शोधल्यावर कळलं की दोष रॅमचा कमी आणि डिस्कचा जास्त होता. आम्ही नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडचं, अख्खं फोल्डर तसंच पाठवलं होतं, सुरू होताना शेकडो बारक्या फाइली वाचल्या जायच्या आणि अँटिव्हायरस त्यातली प्रत्येक फाइल हुंगून बघायचा. सगळं बंडल करून एका फाइलीत आणलं, पहिल्यांदा फक्त कोड नंबरची स्क्रीन लोड केली, रिपोर्ट आणि दहा दिवसांच्या बिलाचा भाग कुणी क्लिक केल्यावरच, खिडकी आधी न दाखवता तयार झाल्यावर दाखवली, तर त्याच मशीनवर नऊ-दहा सेकंदांवर आलं. व्हीबी६ ला हरवलं नाही, पण शिव्या थांबल्या. म्हणजे 'इलेक्ट्रॉन स्लो आहे' मधला निम्म्याहून जास्त भाग 'आम्ही वेबसाइटसारखं लिहिलं' असा होता, उरलेला मात्र खरंच इलेक्ट्रॉनचा, त्याला इलाज नाही.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती म्हणजे ॲपच्या आत ब्राउझर लपलेला असतो आणि तो नको तेव्हा बाहेर डोकावतो. ऑपरेटरनं चुकून कंट्रोल-आर दाबलं, पेज रिलोड, अर्धवट नोंद गायब. इलेक्ट्रॉनच्या डिफॉल्ट मेनूतच तो शॉर्टकट असतो, मेनू काढून टाका. कुणीतरी पेन ड्राइव्हवरची फाइल ओढून खिडकीत टाकली, ॲप जाऊन तिथे पीडीएफ उघडली. आणि सगळ्यात महागात पडलं ते हे: फॅटच्या रकान्यासाठी आम्ही एचटीएमएलचा नंबर टाइपचा इनपुट वापरला होता. त्या रकान्यात फोकस असताना माउसचं चाक फिरलं की आकडा बदलतो. ऑपरेटर खालची यादी बघायला स्क्रोल करायचा, ६.५ चा ६.४ व्हायचा, कुणाच्या लक्षात पण यायचं नाही. म्हशीच्या दुधाला फॅटच्या एका पॉइंटला पैसे असतात हो. दहा दिवसांच्या बिलात एका आजोबांनी पावत्या जुळवल्या आणि सापडलं, त्यांच्या वहीत प्रत्येक वेळचं फॅट पेन्सिलनं लिहिलेलं होतं, मशीनवर दिसलेलं, आणि पावतीवरचं वेगळं. तेव्हापासून आमच्याकडे नंबर टाइप बंद, साधा टेक्स्ट इनपुट आणि स्वतःचं व्हॅलिडेशन. हा बग नेटिव्हमध्ये झालाच नसता असं नाही, काही नेटिव्ह कंट्रोल पण असंच वागतात, पण वेबमध्ये अशा सवयी फुकट मिळतात आणि तुम्हाला माहीतही नसतं की मिळाल्यात.

तसंच थ्रॉटलिंग. काट्याचं वजन वाचणारा टायमर आम्ही रेंडररमध्ये ठेवला होता, म्हणजे स्क्रीनच्या कोडमध्ये. ऑपरेटरनं खिडकी मिनिमाइज केली की क्रोमियमला वाटतं हा बॅकग्राउंडला गेलेला टॅब आहे, टायमर हळू करा, बॅटरी वाचवा. काटा ३२ किलो दाखवतोय आणि ॲप मागचंच. हे एका सेटिंगनं बंद होतं, पण खरा उपाय वेगळा, हार्डवेअरशी बोलणारा कोड स्क्रीनमध्ये ठेवायचाच नाही, मेन प्रोसेसमध्ये पण नको (तिथे अडकला तर अख्खं ॲप गोठतं), वेगळी युटिलिटी प्रोसेस करून तिथे.

सिरियल पोर्टवरून आठवलं. काट्याशी आणि फॅट मशीनशी बोलायला जे पॅकेज लागतं ते सी++ मधलं नेटिव्ह मॉड्यूल असतं, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं पण तसंच. इलेक्ट्रॉनची आवृत्ती बदलली की बऱ्याचदा हे परत बिल्ड करावं लागतं, आणि ३२ बिट, ६४ बिट वेगळं. ज्या दिवशी हे बिल्ड अडकतं त्या दिवशी 'आम्ही फक्त जावास्क्रिप्टवाले' हे वाक्य संपतं. आणि यूएसबी-टू-सिरियल वायर आज या पोर्टला, उद्या त्या पोर्टला लावली की कॉम ३ चा कॉम ५ होतो, हे काही इलेक्ट्रॉनचं पाप नाही, पण सपोर्टचा फोन तुम्हालाच येणार.

आता एवढं सगळं असून मी इलेक्ट्रॉन का सोडलं नाही? एक मोठं कारण मराठी. जुनं व्हीबी६ चं सॉफ्टवेअर युनिकोड धरतच नव्हतं, त्याचे कंट्रोल आन्सी, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या पद्धतीचे. नावं सगळी श्रीलिपीसारख्या फॉन्टच्या कोडमध्ये साठवलेली, फॉन्ट गेला की 'पाटील'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. क्रोमियममध्ये अक्षरजुळणीचं हार्फबझ इंजिन आतच असतं, जोडाक्षरं, रफार, 'दऱ्या' मधला अर्धा ऱ, सगळं प्रत्येक मशीनवर एकसारखं, फॉन्ट मी ॲपबरोबरच देतो त्यामुळे त्या मशीनवर काय आहे याची फिकीर नाही. पानाची भाषा मराठी आहे असं मार्क केलं आणि फॉन्टमध्ये सोय असली तर ल आणि श सुद्धा आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. आकड्यांचं पण तसंच, मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाचं सेटिंग) दिलं की १२,३४,५६७ असे लाखाचे स्वल्पविराम आणि देवनागरी अंक एका ओळीत. फक्त एक खड्डा सांगून ठेवतो, मराठी लोकेलला डिफॉल्टच देवनागरी अंक येतात, आणि '४.२' हे परत जावास्क्रिप्टच्या नंबरमध्ये टाकलं तर नॅन, म्हणजे 'हा आकडाच नाही', असं मिळतं. दाखवायचं वेगळं, साठवायचं वेगळं, हे पहिल्या दिवसापासून ठरवा.

दुसरं कारण माणसं. पुण्यात रिॲक्ट येणारा माणूस आठवड्यात मिळतो, क्यूट (सी++ मध्ये डेस्कटॉप ॲप करायचं साधन) आणि सी++ चांगलं येणारा मिळाला तर तो गाड्यांच्या नाहीतर मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत आधीच बसलेला असतो, आणि तो किराणा-डेअरीच्या पगारात येत नाही. तिसरं, चेअरमनसाहेबांना घरून ब्राउझरमध्ये रिपोर्ट बघायचा होता, तीच स्क्रीन जशीच्या तशी उचलून वेबवर ठेवली, दोन दिवसांत.

टॉरीकडे येऊ, कारण खरा प्रश्न तुमचा तोच आहे. टॉरी क्रोमियम बरोबर नेत नाही, सिस्टीममधलाच वेबव्ह्यू (ॲपच्या आत वेब पेज दाखवणारा भाग) वापरतं, विंडोजवर वेबव्ह्यू२, मॅकवर वेबकिट, लिनक्सवर वेबकिट-जीटीके, आणि मागचा भाग रस्टमध्ये. २०२२ ला १.० आलं, २०२४ ला २.०, आता चांगलं स्थिरावलंय. इन्स्टॉलर काही एमबीत बसतो, हा फायदा शंभर टक्के खरा. पण रॅमची जी तुलना लोक दाखवतात तिच्यात गोम आहे. विंडोजवर वेबव्ह्यू२ म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरचंच इंजिन, म्हणजे परत क्रोमियमच. तुमची एक्झी टास्क मॅनेजरमध्ये दहा-पंधरा एमबी दाखवते, आणि खाली एजच्या वेबव्ह्यूच्या चार-पाच प्रोसेस वेगळ्या नावानं बसलेल्या असतात, त्या कुणी मोजत नाही. मोजल्या की फरक राहतो, पण 'दहापट कमी' वगैरे नाही. नोडचा बोजा वाचतो, आणि इंजिनाच्या फाइली सिस्टीममध्ये एकदाच असतात, एवढं खरं.

आणि इंजिन सिस्टीमचं म्हणजे त्याची आवृत्ती पण तुमच्या हातात नाही. विंडोजवर ते आपोआप अपडेट होत राहतं, साधारण चांगलंच, पण काल चालणारी स्क्रीन आज वेगळी दिसली तर तुम्ही काही सोडलेलं नसताना फोन येणार. मॅकवर जुन्या सिस्टीमवर वेबकिट जुनं राहतं. लिनक्सवरचा वेबकिट-जीटीके हा सगळ्यात कच्चा दुवा, तिथे एखादं सीएसएस वेगळं वागलं की दिवस जातो. म्हणजे इलेक्ट्रॉनमध्ये एका इंजिनावर टेस्ट करायचं ते इथे तीनवर. पण तुमच्या मेडिकल दुकानांत मॅक किती आणि लिनक्स किती? शून्याच्या आसपास असेल, तर हा तोटा तुमच्यासाठी जवळजवळ नाहीच. तुमचा अडथळा रस्ट. स्क्रीन रिॲक्टमध्येच राहील, पण प्रिंटर, डेटाबेस, फाइली हे सगळं मागे रस्टमध्ये, आणि तिघांपैकी एकाला तरी ते नीट यावं लागेल. तयार प्लगिन आहेत तोवर मजा आहे, नसेल तिथे कंपायलरशी कुस्ती.

विंडोज ७ चं मात्र दोन्हीकडे सारखंच. क्रोमियम १०९ ही ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची आवृत्ती, त्यामुळे २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या इलेक्ट्रॉन २३ नं तो आधार काढला, आणि वेबव्ह्यू२ पण तिथे १०९ वरच थांबलं. आमच्या निम्म्याहून जास्त संस्था ७ वर होत्या. मग काय, दोन बिल्ड, जुन्या मशीनसाठी इलेक्ट्रॉन २२, नव्यांसाठी पुढची, आणि जुन्यांना सांगितलं की इंटरनेटवरचं काहीही या ॲपमध्ये उघडणार नाही. दीड वर्ष दोन शाखा ओढल्या. व्हीबी६ ची एक्झी अजून विंडोज ११ वर चालते, हे इथे आठवून हसू येतं.

अपडेटचं हे ओझं डेमो बघताना दिसत नाही. इलेक्ट्रॉनची मोठी आवृत्ती दर आठ आठवड्यांनी येते आणि शेवटच्या तीनच आवृत्त्यांना दुरुस्त्या मिळतात, म्हणजे आज घेतलेली आवृत्ती साधारण सहा महिन्यांत शिळी. क्रोमियममध्ये सुरक्षेची भोकं सतत सापडतात आणि तुमच्या ॲपमधलं क्रोमियम तुमच्याशिवाय कुणी बदलणार नाही. टॉरीत हे काम मायक्रोसॉफ्ट करतं, तिथे टॉरी सरळ जिंकतं. शिवाय ऐंशी एमबीचा अपडेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उतरवायचा म्हणजे... फक्त बदललेला भाग उतरवणारे अपडेटर आहेत, ते लावा, तरी आम्ही पेन ड्राइव्ह खिशात ठेवतोच. आणि साइनिंगचा, म्हणजे ॲपवरच्या डिजिटल सहीचा, खर्च धरा, सही नसलेला इन्स्टॉलर विंडोजचा स्मार्टस्क्रीन अडवतो, दुकानदार घाबरून फोन करतो. जून २०२३ पासून सर्टिफिकेटची किल्ली हार्डवेअर टोकनमध्ये नाहीतर तसल्या सुरक्षित ठिकाणीच ठेवावी लागते, त्यामुळे बिल्ड ऑटोमॅटिक करणं पण किचकट झालंय.

सुरक्षेवर एकच गोष्ट, पण ती नीट वाचा. वेबसाइटवर कुणी स्क्रिप्ट घुसवली तर त्या पेजपुरतं नुकसान. इलेक्ट्रॉनमध्ये स्क्रीनला नोडचा थेट हात दिलेला असेल तर घुसलेली स्क्रिप्ट दुकानाच्या अख्ख्या मशीनवर काहीही चालवू शकते. इलेक्ट्रॉन ५ पासून नोड डिफॉल्ट बंद, १२ पासून कॉन्टेक्स्ट आयसोलेशन (पेजचा कोड आणि ॲपचा आतला कोड वेगळे ठेवणं) चालू, २० पासून सँडबॉक्स (स्क्रीनच्या प्रोसेसला सिस्टीमपासून कोंडून ठेवणं) चालू. नेटवर सापडणारी जुनी ट्यूटोरियल हे सगळं उलटं करायला सांगतात, 'एरर जाते' म्हणून. करू नका. प्रीलोडमधून (पेजच्या आधी चालणाऱ्या छोट्या स्क्रिप्टमधून) मोजकी चार-सहा फंक्शनं स्क्रीनला द्या, बस.

कुणी म्हणेल मोठ्या कंपन्या काय करतात. त्यांचं बघून गोंधळ वाढतो. व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर इलेक्ट्रॉनवर आहे आणि छान चालतो, पण त्यातलं सर्च रस्टमधलं रिपग्रेप नावाचं टूल करतं आणि एक्स्टेन्शन वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतात. वनपासवर्ड या पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲपनं आठवी आवृत्ती इलेक्ट्रॉनवर नेली, पण गाभा रस्टमध्ये. मायक्रोसॉफ्टचं टीम्स २०२३ मध्ये इलेक्ट्रॉन सोडून वेबव्ह्यू२ वर गेलं. व्हॉट्सॲपनं विंडोजवर आधी इलेक्ट्रॉन, मग २०२२ ला नेटिव्ह, आणि २०२५ ला परत वेबव्ह्यू२, म्हणजे नेटिव्ह करून दाखवलं आणि तरी मागे फिरले. एवढे पैसे असलेल्यांना दोन-दोन कोडबेस सांभाळणं नको वाटतं, तर तिघांच्या टीमनं काय समजायचं ते समजा.

तुमच्याबद्दल. सी शार्प वाईट नाही, उलट फक्त विंडोजच असेल तर ते अगदी शहाणपणाचं आहे, आणि तुमच्यात एक जरी त्यातला असता तर मी तेच सांगितलं असतं. पण तिघंही रिॲक्टवाले असताना पहिलं ॲप नव्या भाषेत म्हणजे पहिलं वर्ष शिकण्यात, आणि दुकानदार तोवर थांबत नाही. दुकानांत ४ जीबी आणि विंडोज १० असेल तर इलेक्ट्रॉन घ्या, एकच खिडकी ठेवा, औषधांची पन्नास हजारांची यादी स्क्रीनमध्ये कधीच आणू नका, एसक्यूलाइटमध्ये शोधा आणि वीस ओळी पाठवा. एकाला रस्टची हौस असेल तर टॉरी, मनापासून. मशीन २ जीबीची असतील तर दोन्ही नको.

पण हे ठरवायच्या आधी एक काम करा, प्रिंट काढून बघा. बारकोड स्कॅनर बिचारा कीबोर्डसारखाच वागतो, त्याचा त्रास नाही. प्रिंटरचा आहे. पुष्कळ मेडिकलवाल्यांकडे अजून डॉट मॅट्रिक्स असतो, आणि क्रोमियम त्याला बिल चित्र म्हणून पाठवतं, मग पाच ओळींचं बिल तो कर्रर्र करत मिनिटभर छापत बसतो आणि गिऱ्हाईक औषध घेऊन निघून जातं. तिथे ब्राउझरचं प्रिंटिंग सोडून कच्चा मजकूर थेट प्रिंटरला पाठवावा लागतो, तो इंग्रजीत पटकन छापतो. थर्मल प्रिंटरला उलटं, त्यांच्यात सहसा देवनागरी नसतेच, म्हणून मराठी पावती आम्ही कॅनव्हासवर काढतो, ५८ मिमीच्या कागदाला ३८४ ठिपके रुंद, आणि काळं-पांढरं करून बिटमॅप म्हणून पाठवतो. कुठल्याही दुकानात जा, त्यांचा जो सगळ्यात जुना प्रिंटर असेल तो दोन दिवस मागून आणा आणि इलेक्ट्रॉन, टॉरी दोन्हीतून त्याच्यावर एकेक बिल काढा. त्यात जे कमी रडवेल ते घ्या.